कै. गोदावरीबाईंचा ठोकळा

बाजारात कोणी हसून नमस्कार केला की मला चेहरा आठवत नाही. नाव सांगितलं की पित्ताशय आठवतं. रत्नागिरीतल्या बऱ्याच माणसांशी माझी ओळख अशी आतून झालेली आहे, आणि त्यांना ती ठाऊक नाही, हे बरंच आहे.

मी पंचवीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. रक्त काढणारी मी नव्हे. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ, आतड्याचा तुकडा, सुईनं ओढलेला मांसाचा शेवईएवढा धागा, हे सगळं बाटलीतून माझ्याकडे येतं. ते फॉर्मालिनमध्ये मुरतं, मग त्यातलं पाणी काढून मेण भरायचं, मेणाचा छोटा ठोकळा करायचा. ठोकळा यंत्रावर लावून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवायचे, काचेवर उचलून रंगवायचे. ती काच आमचे पॅथॉलॉजिस्ट सर सूक्ष्मदर्शकाखाली वाचतात आणि आजाराला नाव देतात. मी कापते, सर वाचतात. वाटणी सोपी आहे, पण लोकांना ती कळत नाही. बाटली काउंटरवर ठेवतानाच विचारतात, "बघून सांगा ना, वाईट आहे का?" एकदा लांज्याकडून एक पित्ताशय लोणच्याच्या बरणीत, मिठाच्या पाण्यात आलं होतं. फॉर्मालिन मिळालं नाही म्हणून नातेवाइकानं स्वतःची अक्कल लावली होती. "टिकायला हवं ना मॅडम, आम्ही आंबा असाच टिकवतो." पित्ताशय लोणचं म्हणून चांगलं झालं असतं. रिपोर्ट मात्र झाला नाही.

काप काढून झाले तरी ठोकळा टाकून द्यायचा नसतो. पुढं केव्हाही लागू शकतो. आमच्याकडे हे ठोकळे आंब्याच्या लाकडी पेट्यांत ठेवले जातात, कारण लॅब सुरू झाली तेव्हा कपाट नव्हतं आणि पेट्यांना रत्नागिरीत तोटा नाही. कपाट नंतर आलं, त्यात सरांनी दिवाळी अंक ठेवले. पेट्या राहिल्या. 'निर्यातीसाठी निवडक' असं छापलेल्या पेटीत गर्भाशयं आहेत. रजिस्टरमध्ये नावासमोर नंबर, नंबरावरून पेटी. नाव बरोबर असेल तर दोन मिनिटांत ठोकळा हातात. नाव बरोबर असेल तर.

आता मुख्य गोष्टीकडे येते. एका माणसाला एकच कॅन्सर होतो आणि तोच पुढं पसरतो, असं लोक समजतात. मीही समजत होते. ते डोक्यातून काढायला हातखंब्याचा दत्ताराम लागला. हायवेवर त्याचा ढाबा होता. त्याच्या तोंडातला तुकडा माझ्याकडे आला, कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, गडी बरा झाला. सहा वर्षांनी त्याच्या अन्ननलिकेतला तुकडा आला, आणि मी चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहून मोकळी झाले, 'जुना पेशंट, तोच आजार.' सर एरवी आवाज चढवत नाहीत.

"तोच आजार हे तू ठरवलंस का?"

"सर, माणूस तोच आहे."

"तुझ्या घरात तू एकटीच राहतेस का? त्याच घरात तुझा नवराही राहतो ना? घर एक म्हणून माणूस एक होतो?"

दुसरा, वेगळाच कॅन्सर होता. पहिल्याचा कोणी लागत नव्हता, पण त्याच तंबाखूवर पोसलेला. रिपोर्ट घ्यायला दत्ताराम स्वतः आला, गाल आत ओढलेला, बोलणं मात्र जोरात. "परत कसा झाला मॅडम? कांजिण्या एकदाच होतात ना? मी म्हटलं, आपला होऊन गेला, आता आपल्याला भय नाय. म्हणून तर परत सुरू केली." तो त्यानंतर दोन वर्षं होता. ढाबा आता बायको चालवते. तिथं पानमसाल्याच्या माळा लटकत नाहीत, आणि मागणाऱ्याला ती जे उत्तर देते ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

दत्तारामामुळे मी शहाणी झाले होते, म्हणून शेवड्यांच्या वेळी मी पेन्सिल उचलली नाही.

दोन वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये, एक बाटली आली. सुनंदा शेवडे, वय एकसष्ट, राहणार पावस, फुफ्फुसातल्या गाठीतून सुईनं काढलेला तुकडा. चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'डावा स्तन नऊ वर्षांपूर्वी काढलेला. कारण नातेवाइकांना सांगता येत नाही. तोच पसरला आहे का?' सरांनी काच पाहिली. कॅन्सर होता. पण कोणता? तुकडा एवढासा, त्यावरून छातीठोक सांगता येईना. "जुना ठोकळा काढ," सर म्हणाले. "शेजारी शेजारी ठेवून बघू."

हे का महत्त्वाचं ते सांगते. जुना स्तनाचा कॅन्सर फुफ्फुसात जाऊन बसला असेल तर ती गाठ कापून फारसं साधत नाही, औषधांनी थोपवत राहायचं. पण फुफ्फुसाचा स्वतःचा, नवा कॅन्सर असेल, आणि लहान, एकटाच असेल, तर कापून काढता येतो. बाई बरी होऊ शकते. म्हणजे सुनंदाबाईंचं पुढचं आयुष्य नऊ वर्षांपूर्वीच्या एका मेणाच्या ठोकळ्यावर अडलं होतं. स्तन त्यांनी रत्नागिरीतच काढून घेतला होता, त्या दवाखान्याचे सगळे तुकडे आमच्याकडेच येत. मी रजिस्टर उघडलं. सुनंदा शेवडे नाही. आदल्या वर्षाचं उघडलं, नंतरच्याचं उघडलं. नाहीच. पन्नास-पंचावन्नच्या सगळ्या बायका धुंडाळल्या. मग घरच्यांना बोलावून घेतलं.

आले ते नाना शेवडे. सुनंदाबाईंचे दीर, पावसला हापूसच्या कलमांची बाग, घरातला शेवटचा शब्द त्यांचा. सुनंदाबाईंचे यजमान पूर्वीच वारलेले. बरोबर सुनंदाबाईंची मुलगी तन्वी, चिपळूणला दिलेली, निरोप मिळताच आलेली. सुनंदाबाईंना नानांनी बाहेर बाकावर बसवलं होतं. त्यांना काही कळू द्यायचं नव्हतं. त्या तीस वर्षं शाळेत शिक्षिका होत्या, पण कळण्याचं काम त्या घरात नानांकडे होतं.

"वहिनीला तेव्हा साधी गाठ होती," नाना म्हणाले.

"साध्या गाठीसाठी अख्खा स्तन काढत नाहीत, नाना."

"जरा मोठी होती. साधीच, पण मोठी."

"कागद?"

"कागदांना वाळवी लागली."

"गोळ्या किती वर्षं घेतल्या त्यांनी?"

"पाच. कॅल्शियमच्या."

पाच वर्षं गोळ्या स्तनाच्या कॅन्सरनंतर देतात. मी सरांकडे पाहिलं, सर पंख्याकडे पाहत होते. "बरं, नाव काय लिहिलं होतं दवाखान्यात?"

"शेवडे."

"पुढचं?"

"अगो, आमच्या घरात सगळ्या शेवडेच. आता ह्या उकरण्यात अर्थ काय, सांग. डॉक्टर म्हणाले पसरलाय. घरी नेतो, देवाच्या दारात शांतपणे राहील. उगाच मुंबई, काप, चीर..."

"पसरला असं कोणीही म्हटलेलं नाही. पसरला का, असं विचारलंय," मी म्हटलं. "प्रश्नचिन्ह आहे तिथं."

तन्वी नानांकडे पाहत होती, ते तिची नजर चुकवत होते. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"गोदावरी लिहा. गोदावरी शेवडे. वय किती घातलं होतंत नाना, एकाहत्तर?"

सुनंदाबाई दारात उभ्या. वर्ग गोंगाट करायला लागला की बाई जशा दारात येऊन उभ्या राहतात, तशा.

गोदावरी शेवडे ही नानांची काकू. ऑपरेशनच्या आधी चार वर्षं वारलेली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, झोपेत, कसलाही आजार नसताना. तेव्हा तन्वीचं स्थळ जमत आलं होतं. आईला कॅन्सर म्हटल्यावर मुलीलाही होणार, म्हणून लग्न मोडणार, हा नानांचा हिशेब. मेलेल्या काकूचं काहीच मोडण्यासारखं नव्हतं. तिचं नाव दिलं, आणि नाना सरळमार्गी माणूस असल्यामुळे वयही तिचंच दिलं.

"पण आमच्यापासून लपवायचं काय होतं?" मी विचारलं. "लॅबमधून बाहेर काही जात नाही."

"तू होतीस ना इथं," नाना म्हणाले. "तुझं माहेर आमच्या पलीकडच्या वाडीतलं."

माझी आई हयात असताना ती भीती अगदीच खोटी नव्हती.

"वॉर्डात नर्स हाक मारत होती," सुनंदाबाई सांगू लागल्या, "गोदावरी शेवडे, गोदावरी शेवडे. मी आपली वाट बघत्येय माझ्या नावाची. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा मला वाटलं, काय ही बाई, बोलावतायत तर ओ द्यायला काय होतं? मग नानांनी कोपर मारलं. तेव्हा कळलं, गैरहजर मीच आहे."

तन्वी रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही, भडकली. "काका, मला तेव्हाच माहीत होतं. सासूबाईंनाही. साखरपुड्याआधीच त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, तुझ्या आईला यातलं विचारू नकोस हो, त्यांनी लपवलंय, त्यांना वाईट वाटेल."

नाना खुर्चीत बसले. "म्हणजे नऊ वर्षं मी हे लपवलं कोणापासून?"

"माझ्यापासून," सुनंदाबाई म्हणाल्या. "माझा रिपोर्ट मी पाहिलेला नाही. पाच वर्षं तपासणीला नेलंत, पुढं म्हणालात, गोदावरीचं संपलं आता. आणि त्या गोळ्या कॅल्शियमच्या नव्हत्या. पाकिटावरचं मला वाचता येतं."

रजिस्टरमध्ये गोदावरी शेवडे तिसऱ्याच पानावर सापडली. आणि ती ओळ पाहताच मला सगळं आठवलं, ते इथं लिहिते, कारण दोष एकट्या नानांचा नाही. तेव्हा ती काच पाहून सर म्हणाले होते, "एकाहत्तर वर्षांच्या बाईचं हे वाटत नाही गं. वय एकदा विचारून घे." मी विचारलं नव्हतं. "सर, कोकणातल्या बायका, कामानं टणक राहतात," असं म्हणून पुढचा ठोकळा लावला होता. तेव्हा एक फोन केला असता तर गोदावरीबाई नऊ वर्षं माझ्या रजिस्टरमध्ये जिवंत राहिल्या नसत्या.

पेटी काढली. वरचं लेबल झुरळांनी खाल्लं होतं, पण ठोकळ्यावरचा पेन्सिलीचा नंबर शाबूत होता. पेन्सिलीला कोणी खात नाही. नाना वाकून बघत होते. पेटीवर 'देवगड' छापलेलं होतं.

"आमच्या घरचं माणूस देवगडच्या पेटीत?" नाना म्हणाले. नऊ वर्षांचं बिंग फुटलं त्यापेक्षा त्यांना हे जास्त लागलं.

मी ताजे काप काढले, सरांनी जुनी आणि नवी काच शेजारी ठेवली. पेशींची ठेवण वेगळी दिसत होती. सर म्हणाले, दोन स्वतंत्र कॅन्सर असावेत, पण खात्रीसाठी खास रंग लावायला हवेत, ते मुंबईला. नाना हटून बसले. दोन कसे असतील? एक झाला तोच आतून फिरला असणार. सरांनी पेशी, उगम, असं बरंच समजावलं. नाना मान हलवत राहिले, आणि ती हो म्हणणारी मान नव्हती. शेवटी मी मध्ये पडले.

"नाना, तुमच्या एका कलमाच्या मोहरावर तुडतुडा पडला. फवारणी केलीत, गेला. काही वर्षांनी त्याच कलमाच्या खोडातून भुसा गळायला लागला. तर तुम्ही काय म्हणाल, तुडतुडा खोडात उतरला?"

"छे! काहीतरीच काय? तो खोडकिडा. त्याचा नि तुडतुड्याचा काय संबंध?"

"मग फवारणी करत बसाल?"

"फवारणीनं तो मरतोय होय? भोकात तार घालून ओढून काढावा लागतो. वेळेत काढला तर कलम वाचतं. नाहीतर..." नाना थांबले. वहिनींकडे पाहिलं. "मुंबईला कधी पाठवायचं म्हणालीस?"

बांधणी त्यांनीच केली. मी ठोकळे डब्यात घालणार होते, नाना म्हणाले, मे महिन्याच्या तोंडावर बसमध्ये मेण विरघळवशील, दे इकडे. पेटीत पेंढा, पेंढ्यात खळगा, खळग्यात दोन ठोकळे, वर पुन्हा पेंढा, चारही बाजूंनी हवा खेळती. रत्नागिरी छापलेली पेटी, घरून आणलेली. ठोकळ्यांनी एवढा आरामाचा प्रवास पूर्वी केला नव्हता. मुंबईच्या लॅबमध्ये पेटी उघडल्यावर आंबे नाहीत म्हणून थोडी नाराजी झाली, असं नंतर कळलं.

आणि चार दिवसांनी फोन आला. तिकडची मुलगी फार नम्र होती.

"मॅडम, तुम्ही दोन ठोकळे पाठवलेत. एक गोदावरी शेवडे, एकाहत्तर. एक सुनंदा शेवडे, एकसष्ट."

"हो."

"आणि विचारलंय की दोन्ही आजार एकच की वेगळे?"

"हो."

"पण मॅडम, दोन वेगळ्या बायका आहेत. आजार वेगळे असणारच की."

मी सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. "हे लेखी लागेल. दोन्ही नमुने एकाच पेशंटचे आहेत असं. नाहीतर तुलनेचा रिपोर्ट देता येणार नाही."

एवढ्या वर्षांत मी पाहिलेला सर्वात अवघड कागद तो. नाना काउंटरवर बसून लिहीत होते. पहिला मसुदा असा होता, 'काही अपरिहार्य कौटुंबिक कारणांमुळे नावात किरकोळ फरक झाला.' सुनंदाबाईंनी तो वाचला आणि परत दिला. दुसरा, 'नजरचुकीने.' तोही परत. तिसऱ्या वेळी त्यांनी शेजारी उभं राहून सांगितलं, नानांनी लिहिलं. 'माझ्या वहिनीला स्तनाचा कॅन्सर झाला होता. तो लपवण्यासाठी मी माझ्या मृत काकूचं नाव आणि वय दिलं. काकूंना कॅन्सर नव्हता.' खाली सही, गाव, तालुका. सोबत गोदावरीबाईंच्या मृत्यूचा दाखला, म्हणजे मृत्यूनंतर चार वर्षांनी बाईंचं ऑपरेशन झालेलं नाही हे सिद्ध व्हावं म्हणून. 'कॅन्सर' या शब्दावर नानांचं पेन दोन्ही वेळा अडलं. त्या घरात तो शब्द त्याआधी कोणी लिहिला नव्हता, बहुधा उच्चारलाही नव्हता.

रिपोर्ट आला. दोन स्वतंत्र, एकमेकांशी संबंध नसलेले. फुफ्फुसातला नवा, लहान, कापण्याजोगा. सरांनी तो नानांच्या हातात दिला नाही, सुनंदाबाईंच्या हातात दिला. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"म्हणजे दोन झाले मला. दोन्ही माझेच?"

"दोन्ही तुमचेच," सर म्हणाले. "दुसरा निघतो."

"गोदावरीकाकूंचा एकही नाही ना?"

"नाही."

"बरं झालं. गरीब बाई, उगाच तिच्या नावावर."

ऑपरेशन मुंबईला झालं. आता त्या तपासण्यांसाठी फाईल स्वतः काखेत घेऊन येतात. फाईलवर सुवाच्य अक्षरात स्वतःचं पूर्ण नाव, आणि खाली दोन आजारांची दोन नावं, एक आणि दोन आकडे घालून. जिना दमानं चढतात, पण बाकावर शेजारी बसलेल्या बाईला स्वतःहून सगळं सांगतात, गोदावरीकाकूंच्या नावासकट. पहिल्यांदा असं झालं तेव्हा ती बाई उठून पलीकडे बसली. सुनंदाबाईही उठल्या आणि तिच्या शेजारी जाऊन बसल्या.

मी रजिस्टरमध्ये गोदावरी शेवडेसमोर लाल शाईनं 'सुनंदा शेवडे पाहा' असं लिहून ठेवलं. आणि आता वय जुळत नाही असं सर म्हणाले की मी फोन करते. लोक वैतागतात. वैतागू देत.

गेल्या वर्षी नाना स्वतःची बाटली घेऊन आले. प्रोस्टेट. बरोबर सुनंदाबाई. काउंटरपाशी पावसचीच दोन माणसं उभी होती, नानांना ओळखणारी. मी पेन उचललं. "नाव?"

नानांनी त्या दोघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग छताकडे.

"नाव विचारतायत, नाना," सुनंदाबाई म्हणाल्या.

नानांनी नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, गाव. वय सांगताना मात्र दोन वर्षं कमी सांगितलं, ते सुनंदाबाईंनी जागच्या जागी दुरुस्त केलं.

आठवड्यानं रिपोर्ट तयार झाला. काही नव्हतं. वयानं ग्रंथी वाढलेली, एवढंच. मी स्वतः फोन करून सांगितलं, "नाना, साधी गाठ आहे." त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग त्याच संध्याकाळी भेटेल त्याला थांबवून सांगत सुटले, साधी गाठ आहे, अहो खरंच साधी आहे.

दुसऱ्या दिवसापासून पावसची माणसं शहाळी घेऊन नानांना भेटायला यायला लागली. येतात, हळू बोलतात, नानांच्या पायाशी बसतात, आणि निघताना सुनंदाबाईंना बाजूला घेऊन विचारतात, "किती पसरलाय हो?" सुनंदाबाई रिपोर्ट दाखवतात. लोक तो हातात धरतात, वाचतात, आणि मान हलवून म्हणतात, हो, पण यावर नाव नक्की कोणाचं आहे?